काटे खरे, चावी खोटी

जून २०१४ मध्ये विदिंग्ज या फ्रेंच कंपनीने ‘अ‍ॅक्टिव्हिते’ नावाचं मनगटी घड्याळ जाहीर केलं. घडण स्वित्झर्लंडची, काच सफायरची, पट्टा चामड्याचा, आणि बाजारात आलं तेव्हा किंमत साडेचारशे डॉलर. तबकडीवर तासाचा आणि मिनिटाचा असे दोन काटे, शिवाय एक छोटी तबकडी, जुन्या घड्याळांत सेकंदासाठी असायची तशी. या छोट्या तबकडीवर मात्र शून्यापासून शंभरापर्यंत आकडे होते. दिवसभरात जितकं चालाल तितका तिथला काटा पुढे सरकायचा. दहा हजार पावलं ठरवली असतील आणि संध्याकाळी काटा साठावर असेल, तर चार हजार पावलं बाकी. पडदा नाही, उजेड नाही, टिंग नाही. बाकीचा सगळा हिशेब फोनवरच्या अ‍ॅपमध्ये.

पावलं मोजणारी यंत्रं तोवर रबरी पट्ट्यांत यायची. लग्नाच्या पंगतीत किंवा बँकेतल्या बैठकीत ती मनगटावर मिरवावीशी कुणाला वाटत नसे. अ‍ॅक्टिव्हिते पाहून अनेकांना वाटलं, सुटला प्रश्न. त्यात एक गोष्ट फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. चावी ओढून, फिरवून वेळ लावायची सोय या घड्याळात नव्हती. वेळ लावायची ती अ‍ॅपमधूनच.

गेल्या दहा-बारा वर्षांत अशी काट्यांची, पण पोटात चिप असलेली घड्याळं शेकडो प्रकारांत आली. त्यांना हायब्रिड म्हणतात. त्यांच्याबद्दलची चर्चा बहुधा दिसण्यावर सुरू होते आणि बॅटरीवर संपते. मला त्यांचा खरा प्रश्न वयाचा वाटतो. काट्यांचं घड्याळ आपण वीस-पंचवीस वर्षं वापरायचं म्हणून घेतो, प्रसंगी मुलाला देतो. फोन चार वर्षांत बदलतो. हायब्रिडने रूप पहिल्याचं घेतलं आणि आयुष्य दुसऱ्याचं, आणि हे दुकानाच्या काउंटरवर कुणी सांगत नाही.

आधी त्यांची बलस्थानं बघू, कारण ती खरी आहेत.

साध्या क्वार्ट्झ घड्याळात एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट त्या आकड्याची पंधरा वेळा निमपट करतं, की सेकंदाला एक ठोका उरतो आणि त्या ठोक्यावर छोटी मोटर काटा एक घर पुढे ढकलते. हे सगळं एक-दोन मायक्रोअँपिअरवर चालतं, म्हणून बटणाएवढा सेल वर्षानुवर्षं पुरतो. हायब्रिडमध्ये प्रत्येक काट्याला वेगळी मोटर असते आणि ती उलटसुलट दोन्ही बाजूंनी फिरते. म्हणून अ‍ॅक्टिव्हितेच्या काचेवर दोनदा टिचकी मारली की काटे झरझर धावत गजराच्या वेळेवर जाऊन थांबायचे आणि पुन्हा आपल्या जागी परतायचे. मुंबईहून लंडनला उतरून फोन सुरू केला की काटे आपसूक मागे फिरतात. पहिल्यांदा पाहणारा हमखास हसतो.

पावलं मोजायला आत एक त्वरणमापक असतो. तो तिन्ही दिशांचे हेलकावे टिपतो, आणि त्यांतून ठरावीक लयीचे चढउतार निवडून त्यांना पाऊल म्हणतो. हे कामही फार वीज खात नाही. फोनशी बोलायला ब्लूटूथ लागतं, पण २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० सोबत त्याचा कमी विजेवर चालणारा प्रकार आला आणि तीही अडचण दूर झाली. हिशेबच करून पाहा. अ‍ॅक्टिव्हितेत सीआर२०२५ जातीचा सेल होता. त्यात साधारण १६० मिलिअँपिअर-तास वीज मावते आणि तो आठ महिने चालायचा, म्हणजे सरासरी वापर पंचवीस-तीस मायक्रोअँपिअर. पडद्याचं घड्याळ याच्या शेकडो पट वीज खातं. एप्रिल २०१५ मध्ये अ‍ॅपल वॉच विकायला आलं तेव्हा कंपनीच त्याची बॅटरी अठरा तास पुरेल असं सांगत होती. रोज रात्री घड्याळ चार्जिंगला लावायचं आणि त्याच घड्याळाकडून रात्रीच्या झोपेची नोंदही मागायची, हा विरोधाभास हायब्रिडवाल्यांनी पुरेपूर वापरला.

पुढे या घड्याळांच्या तीन-चार तऱ्हा झाल्या. पहिली अ‍ॅक्टिव्हितेची, नुसते काटे आणि बटण-सेल. तिचाच स्वस्त भाऊ ‘अ‍ॅक्टिव्हिते पॉप’ २०१५ मध्ये दीडशे डॉलरला आला. दुसरी तऱ्हा काट्यांखाली छोटा पडदा दडवायची. विदिंग्जने २०१६ मध्ये ‘स्टील एचआर’ काढलं. त्यात एक लहानसा गोल पडदा होता, मागे नाडी मोजणारा दिवा होता आणि चार्जिंग पंचवीस दिवस टिकत होतं. बाजूला, जिथे चावी असायची तिथे, चावीसारखं दिसणारं बटण होतं. ते दाबलं की पडद्यावर नाडी, पावलं, तारीख एकामागून एक यायची. काटे मात्र त्याने हलत नव्हते. गार्मिनने ‘व्हिवोमूव्ह’ मालिकेत पडदा तबकडीतच लपवला. घड्याळ नुसतं बघितलं तर कोरी तबकडी, बोट लावलं की आतून अक्षरं उजळतात आणि काटे शिस्तीत बाजूला होतात. कारागिरी म्हणून पाहिलं तर या सगळ्या जत्रेत मला हेच सगळ्यांत देखणं वाटतं. तिसरी तऱ्हा फॉसिल कंपनीची. २०१९ च्या ‘हायब्रिड एचआर’मध्ये संपूर्ण तबकडीच ई-इंकची होती, ई-पुस्तकाच्या पानासारखी, उन्हात स्वच्छ दिसणारी, आणि तिच्यावरून खरे काटे फिरायचे. चौथा प्रयोग रंगीत टचस्क्रीनवर काटे बसवण्याचा. एलजीने २०१८ मध्ये तो ‘डब्ल्यू ७’ मध्ये केला, आणि २०२० मध्ये आपल्या टायटनने ‘कनेक्टेड एक्स’ मध्ये. दोन्हींत काटे पडद्याच्या आड येत राहिले आणि पडद्याची भूकही कमी झाली नाही. दोन्हीकडचे तोटे एकत्र आले, इतकंच.

फॉसिलच्या पडदा नसलेल्या जुन्या हायब्रिडमधली एक युक्ती विसरून चालणार नाही. अ‍ॅपमध्ये माणसं निवडून प्रत्येकाला तबकडीवरचा एक आकडा द्यायचा. समजा बायकोला तीन, साहेबांना नऊ, आईला बारा. बैठकीत बसलात, फोन खिशात मुका आहे, तेवढ्यात मनगटाला हलकी थरथर जाणवते. खाली पाहिलं तर दोन्ही काटे एकमेकांवर येऊन बाराकडे रोखलेले. दोन-तीन सेकंदांनी ते पुन्हा आपली वेळ दाखवू लागतात, आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही की तुमच्या आईचा फोन येऊन गेला. पडद्याची घड्याळं नाव, फोटो, अख्खा निरोप मनगटावर ओततात आणि शेजाऱ्यालाही वाचू देतात. इथे दोन काटे आणि एक आकडा, यात निरोप पोचला. हायब्रिड या कल्पनेत काही अस्सल असेल, तर ते इथे होतं.

आता मोजण्याकडे वळू. व्यायामाची नोंद या शब्दांत बरंच काही खपवलं जातं.

मनगटावरचं यंत्र पाय मोजत नाही, हाताचे हेलकावे मोजतं. म्हणून बाळाची ढकलगाडी किंवा मॉलमधली ट्रॉली धरून किलोमीटरभर चाललात तर हात स्थिर असल्याने पावलं कमी भरतात. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटर चालवली, टाळ्या वाजवल्या, पोळ्या लाटल्या, की न चाललेली पावलं खात्यात जमा होऊ शकतात. ढोलपथकात गळ्यात ढोल अडकवून तासभर वाजवणाऱ्याच्या हाताला घड्याळ बांधा आणि आकडा पाहा. कंपन्या हे गाळण्यासाठी गणिताच्या चाळण्या लावतात आणि त्या वर्षागणिक सुधारल्या आहेत, पण चूक राहतेच. एकाच घड्याळाचा आजचा आकडा कालच्या शेजारी ठेवून पाहण्यात अर्थ आहे. नवऱ्याच्या घड्याळाशी बायकोच्या घड्याळाची तुलना करून भांडण्यात नाही.

दहा हजारांचं उद्दिष्टही कुठल्या डॉक्टरने घालून दिलेलं नव्हतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये यामासा कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, तोंडात बसला आणि अर्ध्या शतकानंतर पॅरिसमध्ये आखलेल्या छोट्या तबकडीचा शंभरावा अंश झाला. २०१९ मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला. सरासरी ७२ वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांची पावलं त्यात मोजली होती. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच घटलेलं दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा सपाट झाला. साठी ओलांडलेल्या वाचकांनी काटा पंच्याहत्तरीवर पोचल्यावर निवांत बसायला हरकत नाही.

नाडी मोजणं हे पुढचं पाऊल, आणि तिथे हायब्रिडचा कस लागला. घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, तेव्हा प्रकाश कमी परततो, आणि त्या चढउतारातून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, हात जोरात हलत असेल, गोंदलेलं असेल, तर मोजमाप बिघडतं. शांत बसलेल्या माणसाची नाडी ही घड्याळं बरी सांगतात, जोरबैठका काढणाऱ्याची सांगताना अडखळतात. पण दिवा आला की बटण-सेल पुरत नाही. मग चार्जिंगची बॅटरी आली, तिच्यासाठी जागा आली, आणि घड्याळाचं पोट सुटलं. टायटनने २००२ मध्ये ‘एज’ काढलं तेव्हा ते अख्खं घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाड होतं. नाडी मोजणारी हायब्रिड साधारण अकरा ते चौदा मिलिमीटरची असतात. समोरून शोकेसमधलं अभिजात घड्याळ दिसतं, बाजूने शर्टाच्या कफात अडकतं. बायकांच्या मनगटांची तर आणखी पंचाईत. जाहिरातींत नाजूक म्हटलेली बरीच हायब्रिड अडतीस-चाळीस मिलिमीटर व्यासाची असतात, आणि चांगला छोटा आकार हवा असेल तर सेन्सर किंवा काटे, दोहोंपैकी एकावर पाणी सोडावं लागतं. गार्मिनचं ‘लिली’ छोटं आहे खरं, पण त्याला काटेच नाहीत.

रक्तातला ऑक्सिजन मोजायचं वेड कोविडने लावलं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपल्याकडे औषधाच्या दुकानांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर मिळेनासे झाले होते, आणि त्यानंतर दीड-दोन हजारांच्या घड्याळाच्या खोक्यावरही ‘एसपीओ-टू’ छापलेलं दिसू लागलं. बोटाच्या मापकाचीही मर्यादा आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या अभ्यासात, ऑक्सिजन प्रत्यक्षात घसरलेला असूनही यंत्राने तो ठीक दाखवला, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा घडलं होतं. सावळ्या त्वचेच्या देशात ही गोष्ट खोक्यावर छापायला हवी होती. मनगट तर बोटापेक्षाही अवघड जागा.

हृदयाचा आलेख काढणं हे मात्र या घड्याळांचं खरं कर्तृत्व. विदिंग्जचं ‘स्कॅनवॉच’ २०२० मध्ये जाहीर झालं आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी त्याला ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली. घड्याळाची पाठ डाव्या मनगटाला टेकलेली असते. उजव्या हाताची बोटं काचेभोवतीच्या कड्यावर ठेवायची, की एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत हृदयातून जाणारा विजेचा मार्ग पूर्ण होतो. तीस सेकंद हात टेबलावर ठेवून गप्प बसायचं. मग फोनवर एक आलेख येतो आणि ‘एट्रियल फिब्रिलेशन’ची, म्हणजे कर्णिकांच्या बेताल थरथरीची चिन्हं आहेत की नाहीत, ते कळतं. हा विकार येतो-जातो, डॉक्टरांच्या खोलीत पोचेपर्यंत ठोके पुन्हा नीट झालेले असतात. म्हणून धडधड जाणवली त्याच क्षणी काढलेला आलेख डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो. हृदयविकाराचा झटका मात्र हे घड्याळ ओळखू शकत नाही. छातीत कळ येत असताना मनगटावर ‘सर्व ठीक’ वाचून घरी बसणं धोक्याचं आहे. अमेरिकेतल्या लेकाने वडिलांसाठी असं घड्याळ पाठवलं, तर तिथे चालणारी आलेखाची सोय इथे चालेलच असंही नाही. ती देशोदेशींच्या मंजुरीप्रमाणे सुरू किंवा बंद असते.

आता कंपन्यांच्या इतिहासाकडे पाहू. तो वंशावळीसारखा गुंतागुंतीचा आहे आणि बऱ्याच फांद्या निपुत्रिक आहेत.

नोकियाने २०१६ मध्ये १७ कोटी युरोंना विदिंग्ज विकत घेतली. पुढच्या वर्षी घड्याळांवरचं नाव पुसून नोकिया आलं, अ‍ॅपचंही बारसं नव्याने झालं. २०१८ मध्ये नोकियाला हा संसार झेपेना, आणि विदिंग्जच्या संस्थापकांपैकी एक, एरिक कारील यांनी आपली कंपनी परत घेतली. पुन्हा नाव बदललं. अ‍ॅक्टिव्हिते घेतलेल्या माणसाने जागचं न हलता चार वर्षांत तीन मालक पाहिले. फॉसिलने नोव्हेंबर २०१५ मध्ये २६ कोटी डॉलर मोजून मिसफिट ही कंपनी घेतली, तिच्या तंत्रावर स्कॅगन, मायकल कॉर्स, एम्पोरिओ अरमानी, डिझेल अशा नावांची हायब्रिड काढली. २०१९ मध्ये स्मार्टवॉचच्या तंत्राचा एक भाग गूगलला ४ कोटी डॉलरना विकला आणि जानेवारी २०२४ मध्ये स्मार्टवॉचचा धंदाच सोडत असल्याचं सांगितलं. हायब्रिडही त्यात गेली. स्वीडनची क्रोनाबी, जिची घड्याळं दिसायला बहुधा सगळ्यांत सुबक होती, बुडाली आणि फेस्टिना गटाच्या हाती गेली.

आता चावीचा मुद्दा. फॉसिलच्या हायब्रिडला उजव्या अंगाला तीन बटणं असत. मधलं बटण हुबेहूब चावीसारखं. ते ओढलं जात नाही. वेळ अ‍ॅपमधून येते, काटे अधलेमधले सरकले तर ते सरळ करायचं कामही अ‍ॅपमधलंच. फोनवर बोट फिरवत राहायचं आणि मनगटावर काटा केसाकेसाने सरकताना पाहायचं, बाराच्या रेघेवर बरोबर येईपर्यंत. आता कल्पना करा की अ‍ॅप पुढच्या फोनवर चालेनासं झालं. सेल संपला, नवा टाकला, घड्याळ सुरू झालं आणि काटे भलत्याच ठिकाणी आहेत. घड्याळजीकडे नेलं तर तो पाठ उघडेल, सेल बदलेल, पण वेळ लावून देऊ शकणार नाही. पडद्याचं स्मार्टवॉच असं निकामी झालं तर आपण त्याला जुना फोन समजून खणात टाकतो. इथे सफायर काच शाबूत, पोलाद चकचकीत, काटे धडधाकट, आणि तरीही वस्तू बाद. अजून अनेकांची अ‍ॅपं चालू आहेत हे खरं, पण त्यांचं आयुष्य घड्याळजीच्या हातात नाही, कंपनीच्या सर्व्हरच्या बिलावर आहे.

सर्व्हरचं बिल आता उघडपणे ग्राहकाकडे येऊ लागलं आहे. विदिंग्जने २०२३ मध्ये महिना सुमारे दहा डॉलरची वर्गणी सुरू केली, गार्मिनने मार्च २०२५ मध्ये सात डॉलरची. दोन्हीकडे मूळ नोंदी अजून फुकट आहेत. विश्लेषण, सल्ले, अहवाल यांना पैसे. शिवाय ही नोंद जाते कुठे, हा प्रश्न आहेच. आपला २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आरोग्याच्या माहितीला वेगळ्या, जादा संवेदनशील वर्गात ठेवत नाही. झोपेतले ठोके आणि दुकानातला मोबाइल नंबर, दोन्ही एकाच पंक्तीत.

आपल्याकडे हायब्रिड का रुजलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. टायटनने एचपीच्या मदतीने ‘जक्स्ट’ आणलं ते जानेवारी २०१६ मध्ये. तबकडीवर काटे आणि खाली बारीकसा पडदा. किंमत पंधरा हजारांच्या पुढे. कल्पना वाईट नव्हती, वेळही चुकीची नव्हती. पण पुढच्या काही वर्षांत दोन हजारांच्या आसपास रंगीत पडद्याची घड्याळं मिळू लागली, आणि त्यांवर ब्लूटूथने फोनही घेता यायचा. बाजाराचे आकडे गोळा करणाऱ्या आयडीसीच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये भारतात पाच कोटींहून अधिक स्मार्टवॉच गेली. पुढच्याच वर्षी हा आकडा जवळपास एक-तृतीयांशाने कोसळला. जास्त मोजून कमी दाखवणारं घड्याळ आपल्या बाजाराला पटवणं कठीणच. काट्यांचं घड्याळ हवं असणाऱ्याला ते हजार-दोन हजारांत मिळतं, पावलं खिशातला फोनही मोजतो. दोन्ही एकत्र हवीत म्हणून पंधरा हजार द्यायचे, तर ते का, याचं पटेल असं उत्तर विक्रेत्याकडे नव्हतं.

काटे आणि चिप दीर्घकाळ एकत्र नांदू शकतात, हे काहींनी दाखवलं मात्र आहे. फ्रेडरिक कॉन्स्टंट या स्विस कंपनीने २०१८ मध्ये ‘हायब्रिड मॅन्युफॅक्चर’ काढलं. त्यात यांत्रिक, स्वतःहून चावी घेणारं यंत्र वेगळं आणि पावलं-झोप मोजणारा इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा, दोन्ही एका डबीत. चिप मेली तरी घड्याळ चालत राहतं. हायब्रिडची एवढी प्रामाणिक रचना दुसरी मला माहीत नाही, आणि तिची किंमत हजारो डॉलरच्या घरात असणं हेही ओघानं आलंच. स्वस्तातला सज्जन कॅसिओ. तिच्या ब्लूटूथवाल्या, पावलं मोजणाऱ्या काही जी-शॉक घड्याळांत फोनवरून वेळ येते, पण फोन नसला तर बटणं दाबून ती हातानेही लावता येते. अभिजात रूप म्हणाल तर जी-शॉक सुटाबुटात शोभत नाही, हे कबूल.

मग घ्यावं की नाही? कुटुंबात हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल, डॉक्टरांनीच लक्ष ठेवायला सांगितलं असेल आणि पडदा नको असेल, तर स्कॅनवॉचच्या घराण्यातलं घड्याळ पैसे वसूल करून देईल. महिन्यातून एकदा चार्जिंग, म्हणजे वर्षाला बारा वेळा. रोज चार्ज होणारं घड्याळ वर्षात ३६५ वेळा चार्ज होतं, त्यामुळे बॅटरी थकण्याच्या बाबतीत हायब्रिड नक्की सरस. व्यायाम गंभीरपणे करणाऱ्याने, धावण्याचा नकाशा आणि वेग हवा असणाऱ्याने, हायब्रिडच्या वाटेला जाऊ नये. बहुतेकांत स्वतःचं जीपीएस नसतं, फोन बरोबर न्यावा लागतो. बंद झालेल्या कंपन्यांची हायब्रिड ऑनलाइन सेलमध्ये निम्म्या किमतीत दिसतात. ती अ‍ॅप आपल्या फोनवर उतरतं का, खातं उघडतं का, हे आधी बघून मगच घ्यावीत, आणि दिसण्यासाठी घेतोय एवढं मनाशी मान्य करून घ्यावीत.

तिसरा मार्ग गेल्या काही वर्षांत अंगठीने उघडला. फिनलंडच्या ‘ओरा’ने तो आधी चोखाळला. बेंगळुरूची अल्ट्राह्युमन, नॉइज, बोट यांनीही अंगठ्या काढल्या, आणि २०२४ मध्ये सॅमसंगही त्यात उतरली. मोजायचं सगळं बोटात गेलं आणि मनगट पुन्हा मोकळं झालं, जुन्या चावीच्या घड्याळासाठी. एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत सुरू झाला आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. तिची चावीची ‘जनता’ घड्याळं मात्र अजून सफाई-तेलपाणी होऊन मनगटांवर चालताहेत. असं घड्याळ घरात असेल, तर ते डाव्या हाताला बांधावं आणि पावलं मोजायची हौस उजव्या बोटाकडे द्यावी, असं माझं मत आहे. अंगठीची बॅटरीही काही वर्षांत थकते आणि ती बदलून मिळत नाही. तेव्हा फक्त अंगठी टाकायची असते.